पिल्लू लंगडत नाही म्हणजे खुबे ठीक आहेत असं नाही

तुमच्या सात महिन्यांच्या लॅब्राडॉरबद्दल तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या आहेत: पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतो, आणि झोपून उठायला हल्ली वेळ लावतो. वर घरच्यांचं मत, 'लंगडत तर नाही ना, वाढीचं वय आहे, होईल नीट.' या 'लंगडत नाही'पायीच मी एवढं लांबण लावतोय.

माझी शेरी, जर्मन शेफर्ड, एक दिवसही लंगडली नाही. लंगडायला एक पाय दुसऱ्यापेक्षा बरा असावा लागतो. खुब्याचा दोष बहुतेकदा दोन्ही बाजूंना असतो, मग बिचारं जनावर भार टाकणार कुठे? पुढच्या पायांवर. म्हणून मागे काही दिसत नसेल तर पुढे बघा. छाती-खांदे भरलेले आणि मांड्या मात्र हाताला सपाट लागतात का? उभा असताना मागची पावलं एकमेकांच्या फार जवळ येतात का? चालताना मागून पाहिलं तर ढुंगण डावी-उजवीकडे झोकांड्या खातं का? शेरीच्या बाबतीत हे तिन्ही होतं आणि आम्ही 'काय ठुमकत चालते' म्हणून कौतुक करत होतो.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत घट्ट बसायला हवा. जन्मताना पिल्लाचे खुबे साधारण ठीकच असतात. पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत सांधा सैल राहिला, तर गोळा प्रत्येक पावलाला वाटीच्या कडेकडे सरकतो, कड झिजते, वाटी उथळ राहते. याला हिप डिसप्लेसिया म्हणतात. मूळ आनुवंशिक, पण वजन, वाढीचा वेग आणि व्यायाम यांनी ते बरंच कमी-जास्त होतं. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यात जास्त आढळतं. पग आणि बुलडॉगही सुटलेले नाहीत.

आता सशासारख्या उड्यांबद्दल. भरधाव सुटलेलं कुठलंही पिल्लू मागचे पाय जोडीने टाकतं, त्यात काही नाही. तीन महिन्यांचं पिल्लू पाय फाकून वेडंवाकडं बसतं, तेही सोडून द्या. पण दुडक्या चालीत किंवा पायऱ्या चढताना, जिथे पाय एकाआड एक पडायला हवेत तिथेही तो जोडीनेच उडत असेल, तर ते नोंद घेण्यासारखं आहे. त्याहून मोलाचा पुरावा म्हणजे झोपेतून उठल्यावरची पहिली दहा पावलं. पुढचे पाय ताणून तो अंग ओढत उठतो का, पहिली काही पावलं ताठ पडतात आणि मग मोकळा होतो का, हे बघा. फोन जमिनीलगत धरून मागून आणि बाजूने व्हिडिओ घ्या आणि स्लो मोशनमध्ये पाहा.

वागण्यातला बदल बहुधा चालीच्याही आधी येतो. खेळ अर्ध्यात सोडून बसणं, गाडीत उडी न मारता पुढचे दोन पाय टेकवून तुमच्याकडे बघणं, कमरेवर हात पडला की मान वळवणं किंवा गुरगुरणं. 'आता शहाणा झाला' असं वाटतं ते यामुळेच! पाय ओढून, वाकवून घरी तपासणी मात्र करू नका. त्याला दुखेल आणि तुम्हाला काही कळणार नाही.

सगळ्यात मोठा चकवा पुढे आहे. साधारण 5 ते 12 महिन्यांच्या काळात सैल सांध्यामुळे दुखतं. मग वर्ष-दीड वर्षाचा होता होता सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं, सांधा जरा आवळला जातो आणि कुत्रा चक्क सुधारतो. शेरी चौदाव्या महिन्यात उड्या मारायला लागली आणि मी एक्स-रेचा विषयच सोडून दिला. तो बरा झालेला सांधा नव्हता, संधिवाताची सुरुवात होती. पाचव्या वर्षी तिला पायऱ्या जमेनाशा झाल्या.

म्हणून तुम्ही थांबू नका, आणि घाईचं कारण कॅलेंडरशी निगडित आहे. कमरेची हाडं कापून वाटीचा कोन बदलण्याची शस्त्रक्रिया संधिवात सुरू होण्याआधी, साधारण दहा महिन्यांच्या आत करतात. तुमच्याकडे अजून थोडे आठवडे आहेत. त्याहून सोपी, कमरेच्या हाडातली एक वाढीची जागा बंद करणारी शस्त्रक्रिया पाच महिन्यांच्या आतली, ती वेळ गेली. वाढ पूर्ण झाल्यावर सांधा बदलण्याचा मार्ग उरतो. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असं मुळीच नाही, पण लागणार की नाही हे आत्ता कळायला हवं.

डॉक्टर भूल देऊन एक्स-रे काढतील. भूल लागते कारण जागेपणी स्नायू आवळलेले असतात आणि सैलपणा लपतो. त्याच वेळी ऑर्टोलानी चाचणी करायला सांगा. त्यात गोळा वाटीत परत सरकताना हाताला 'टक्' लागतो. ही चाचणी मुळात तान्ह्या बाळांसाठीची. सैलपणा मोजणारी पेनहिप ही एक्स-रेची पद्धत वयाच्या 16 आठवड्यांपासून करता येते. 'दोन वर्षांनी एक्स-रे काढू' हा सल्ला प्रजननाच्या प्रमाणपत्रासाठी ठीक, दुखणाऱ्या पिल्लासाठी नाही. आणखी एक: एक्स-रे वाईट आणि कुत्रा मजेत, किंवा उलट, असंही सर्रास दिसतं. नुसत्या फिल्मवरून निर्णय घेऊ नका.

दुसरी कारणंही तपासली जाऊ देत. एकदा हा पाय, एकदा तो असं फिरतं लंगडणं असेल तर पॅनोस्टायटिस, म्हणजे वाढत्या वयात पायांच्या लांब हाडांना येणारी दुखरी सूज, असू शकतो. तो आपोआप जातो. गुडघ्याचा लिगामेंट, गोचिडांमुळे होणारे ताप, हेही चालीवर परिणाम करतात.

तोवर घरी सर्वांत मोठं औषध म्हणजे वजन. 48 लॅब्राडॉरवर आयुष्यभर केलेल्या एका अभ्यासात चतुर्थांश कमी खाणाऱ्या कुत्र्यांना खुब्याचा संधिवात कमी आणि उशिरा झाला, शिवाय ती जवळपास दोन वर्षं जास्त जगली. बरगड्या बोटांना सहज लागायला हव्यात. गुबगुबीत लॅब्राडॉर गोंडस दिसतो हे मान्य, पण भार खुब्यांवर येतो. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम देऊ नका; लहान वयात जास्तीचं कॅल्शियम शरीर अडवू शकत नाही आणि हाडांची वाढ बिघडते. गुळगुळीत फरशीवर चटया टाका. पायऱ्या, चेंडूमागे वळणं घेत धावणं, उंचावरून उड्या बंद. मऊ जमिनीवर पट्ट्याने चालणं आणि जमलं तर पोहणं चालू ठेवा. कोंडून ठेवलं तर उरलेसुरले स्नायूही जातील. आणि आपल्या कपाटातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटॅमॉल चुकूनही देऊ नका, कुत्र्यांना त्याने विषबाधा होते.

जाताना ते व्हिडिओ फोनमध्ये असू द्या. दवाखान्यात शिरताच उत्साहाने म्हणा की भीतीने, शेरी इतकी ऐटीत चालली की डॉक्टरांनी मलाच विचारलं, 'नेमकं काय होतंय हिला?'