विनोद टोचतो, पण हशा येत नाही

प्रश्न : सोलापुरात कॅफेतल्या ओपन माइकला (कुणीही मंचावर येऊन सादर करावं असा कार्यक्रम) राजकारण आणि जातीवर पाच मिनिटं स्टँडअप कॉमेडी करतो. लोक गप्प होतात. यातच करिअर करायचंय. कुठं चुकतंय?

उत्तर : विषयात नाही, बहुधा क्रमात. अनोळखी माणसानं पहिल्याच मिनिटाला जात काढली की प्रेक्षक सावरून बसतो. आधी दोन मिनिटं स्वतःवर, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या गर्दीवर, घरातल्या मराठी-कन्नड-तेलुगू मिसळीवर घ्या. टोचणारं तिसऱ्या मिनिटाला.

त्याहून मोठी अडचण भाषेची. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि हशाचा शब्द त्याच्याखाली दबतो. ‘आमच्याकडं पाणी चार दिवसांनी येतं आणि नगरसेवक पाच वर्षांनी येत असतात’ हे पडतं. ‘आमच्याकडं पाणी येतं चार दिवसांनी, नगरसेवक पाच वर्षांनी’ हे लागतं. शेवटच्या शब्दानंतर थांबा. हशा ओसरू लागला की पुढचं वाक्य.

प्रत्येक प्रयोग फोनवर रेकॉर्ड करून हशे मोजा. तीन वेगळ्या ठिकाणी पडलेला विनोद काढून टाका, कितीही लाडका असला तरी.

कायद्याचं भान हवंच. हेतुपुरस्सर धार्मिक भावना दुखावल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशाच आरोपाखाली १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये अटक झालेल्या स्टँडअप कॉमेडियन मुनव्वर फारुकींना सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम जामीन मिळेपर्यंत महिनाभर तुरुंगात राहावं लागलं. म्हणून पूर्ण, न कापलेलं रेकॉर्डिंग जपून ठेवा. वाद पेटतो तो बहुतेकदा कापलेल्या तीस सेकंदांवर.