तोंड दोनच बोटं उघडतं

"मला शुगर आहे, बीपी आहे, दमा आहे. भूल दिल्यावर परत उठलेच नाही तर?" हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतो. मी स्वतः भूल देत नाही, ऑपरेशनआधी भुलीला घाबरलेल्या रुग्णांशी बोलते. कधी रुग्ण विचारतो. बरेचदा मुलगा किंवा सून आधी आत येऊन दार लोटून घेते आणि हळू आवाजात सांगते, "आईला फार काही सांगू नका, ती घाबरते." एवढं ऐकलं की मला कळतं, आईला कोणीच काही सांगितलेलं नाही.

या काकूही अशाच आल्या. वय बासष्ट. पित्ताशयात खडे. दोनदा पोट असं दुखलं की मध्यरात्री गाडी काढावी लागली. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलं, तपासण्या झाल्या, भूल द्यायला हरकत नाही असा फिटनेसचा कागद मिळाला आणि ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी काकू पिशवी भरून घरी जायला निघाल्या. पुढची तारीख घेतली, तेव्हा त्या घरातूनच निघाल्या नाहीत. म्हणून सर्जननी त्यांना माझ्याकडे धाडलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायची परवानगी काकूंनी दिली आहे, आणि दातांचं लिहू नका असंही म्हणाल्या होत्या. मग म्हणाल्या, लिहा.)

पहिल्या भेटीत मी चुकले. काकू म्हणाल्या, "मधीच जाग आली तर?" आणि मी चटकन आकडा सांगून मोकळी झाले. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये यावर मोठी पाहणी झाली, तिचा अहवाल २०१४ साली आला. पूर्ण भुलीत मध्येच जाग आल्याची तक्रार साधारण १९,००० भुलींमागे एका रुग्णाने केली होती. मला वाटलं, हे ऐकून बाईंना हायसं वाटेल. त्या शांतपणे म्हणाल्या, "आन् तो एक मीच निघाले तर?" याला उत्तर नाही. घाबरलेल्या माणसाला आकडा सांगितला की तो आकड्यातल्या एकाच्या जागी जाऊन बसतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत असायला हवं होतं.

मग मी नेहमीचे सहा प्रश्न काढले. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी १९९६ साली तयार केलेली ही छोटी प्रश्नावली आहे. चार प्रश्न काळजीचे, दोन माहितीचे. भुलीची काळजी वाटते का, तीच सारखी डोक्यात असते का, तेच ऑपरेशनबद्दल. आणि याबद्दल सगळं जाणून घ्यायला आवडेल का. प्रत्येकाला एक ते पाच गुण. काळजीचे वीसपैकी अकरा झाले की आम्ही जास्त लक्ष देतो. काकूंचे अठरा झाले. माहितीच्या प्रश्नांना मात्र त्यांनी दोन्हीकडे पाच दिले, म्हणजे सगळं कळायला हवं. मुलगा शेजारीच होता. "आई, तुला कशाला हवंय सगळं?" असं त्याच्या तोंडून निघालंच. मी त्याला चहा प्यायला पाठवलं.

तो गेल्यावर त्यांनी जावेची गोष्ट सांगितली. खूप वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी कसलंसं ऑपरेशन झालं आणि जाऊबाई शुद्धीवर आल्या नाहीत. "भूल जास्त झाली" एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. आमच्याकडे प्रत्येक घराण्यात अशी एक गोष्ट असते आणि तिचं कारण या तीन शब्दांत संपतं. काय आजार होता, पोटात काही होतं का, रक्त किती गेलं, हे विचारायला आता कोणी उरलेलं नसतं. मी त्या गोष्टीशी वाद घातला नाही. फक्त विचारलं की जाऊबाईंच्या बोटाला चिमटा लावलेला होता का. काकू म्हणाल्या, असला चिमटा त्यांनी त्या काळी पाहिलाच नव्हता. तो चिमटा रक्तातला ऑक्सिजन मोजतो, श्वासाच्या नळीला जोडलेलं दुसरं यंत्र प्रत्येक उच्छ्वास पडद्यावर रेषेने दाखवतं आणि भूलतज्ज्ञ इंजेक्शन देऊन निघून जात नाही, टाका घालून होईपर्यंत डोक्याशी बसून असतो, हे मी त्यांना सांगितलं. शेवटचं त्यांना नवीन होतं. "म्हंजे तो थांबतो तिथंच?" दोनदा विचारलं.

तरीही त्यांची बोटं पदराचं टोक गुंडाळत होती, सोडत होती. जावेची गोष्ट खरी होती, पण एवढीच असती तर त्या ऑपरेशन ठरलं तेव्हाच पळाल्या असत्या. त्या पळाल्या फिटनेस मिळाल्यावर. कागद जितका चांगला होत गेला तितकी भीती वाढत गेली, हे मला कुठेतरी खटकत होतं.

दुसऱ्या भेटीत मुलगा फाईल घेऊन आला. त्याला वेगळीच धास्ती होती. फाईलवर ग्रेड तीन लिहिलेलं होतं आणि हाय रिस्क कन्सेंटवर, म्हणजे धोका जास्त आहे हे मान्य असल्याच्या संमतीपत्रावर, त्याची सही घेतली होती. हा ग्रेड म्हणजे परीक्षेतला क्रमांक नव्हे. तब्येत एकदम ठणठणीत तर एक, ताब्यात असलेली शुगर-बीपी तर दोन, आजार जरा हाताबाहेर असेल तर तीन. भूलतज्ज्ञ त्याप्रमाणे तयारी वाढवतो. पण त्याचं बोट फाईलमधल्या आणखी एका ओळीवर होतं. "तोंड कमी उघडतं असं लिहिलंय, दोनच बोटं. डॉक्टर म्हणाले, श्वासाची नळी घालायला अवघड जाऊ शकतं, वेगळी तयारी ठेवावी लागेल." तपासणीत भूलतज्ज्ञ तोंड उघडायला लावतात, जीभ बाहेर काढायला लावतात, मान मागे करायला सांगतात, ते यासाठीच. साधारण तीन बोटं उभी मावतील एवढं तोंड उघडावं अशी अपेक्षा असते.

आणि नेमकी त्याच वेळी काकूंनी जांभई दिली. चार रात्री झोप नव्हती, चांगली लांबलचक, डोळे मिटून दिलेली जांभई. तीन बोटं काय, अख्खा लाडू गेला असता. शेवटी त्यांनी पदर तोंडाशी नेला, तोवर मी दात पाहिले होते. काळे, मुळाशी झिजलेले.

मुलाला पुन्हा चहाला पाठवलं. बिचाऱ्याने त्या आठवड्यात बराच चहा प्यायला.

"काकू, मिश्री लावता का?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "चौदा वर्साची असल्यापासून." कोणी मिश्री म्हणतं, कोणी मशेरी. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा, डबीत भरायचा, सकाळी बोटाने दातांना चोळायचा. त्यांच्या आईने लावली, सासूने लावली. सून शिकलेली, तिला तव्याचा वास चालत नाही, म्हणून शेजारणीकडून भाजून आणायच्या. भूलतज्ज्ञांनी "तंबाखू वगैरे?" असं विचारलं तेव्हा सून आणि मुलगा दोन्ही बाजूंना उभे होते. काकू "नाही" म्हणाल्या. पुढे "तोंड उघडा" म्हटल्यावर दात दिसतील म्हणून अर्धंच उघडलं. आणि दम्याचा पंप "कधीतरी" घेते असं सांगितलं. खरं तर महिनाभर त्या रात्री दोन-तीनदा उठून घेत होत्या. खोकला ऐकून ऑपरेशन पुढे जाईल, सुनेची रजा वाया जाईल, म्हणून तोंडात ओढणी धरून खोकत होत्या.

"समदं खोटं सांगितलंय त्यास्नी. आन् ते म्हनत्यात फिट हाय. फिट कशी असंन मी?"

माझ्या मते त्यांची भीती अगदी रास्त होती. कागदावरची बाई वेगळी आणि टेबलावर झोपणारी बाई वेगळी, हे त्या खोलीत फक्त त्यांनाच माहीत होतं. अशा वेळी दीर्घ श्वास घ्या, नामस्मरण करा हे सांगणं म्हणजे धूर येतोय म्हणणाऱ्याला खिडकी लावून देणं. म्हणून भुलीची भीती घेऊन कोणी आलं की मी आता आधी विचारते, भूलतज्ज्ञांना सांगायचं काही राहिलंय का. दारू, विडी, मिश्री, चुकवलेल्या गोळ्या, वैद्यांचा काढा, झोपेच्या गोळ्या, हलणारा दात. निम्मे जण इथेच खाली बघतात.

त्यांच्या वतीने मी सांगू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "मीच सांगते, पर पोराम्होरं नगं." भूलतज्ज्ञ बाईंची वेळ मागून घेतली. मी बाहेर थांबले. दहा मिनिटांनी आतून हसण्याचा आवाज आला. फाईलवरची ओळ खोडून "तीन बोटं" लिहिलं गेलं. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर मात्र शिट्टीसारखा आवाज ऐकू आला आणि ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. छातीच्या डॉक्टरांनी रोजचा पंप बदलून दिला आणि मुख्य म्हणजे तो ओढायचा कसा ते करून घेतलं. काकू इतकी वर्षं औषध जिभेवर मारून घेत होत्या. मिश्री बंद करायला सांगितलं. तारीख पुढे गेली म्हणून मुलगा हिरमुसला. काकू त्या रात्री सलग झोपल्या.

१९६३ सालचा एक अमेरिकन अभ्यास मी शिकत असताना वाचला होता. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ येऊन नीट बोलून गेला ते रुग्ण, नुसतं झोपेचं औषध मिळालेल्या रुग्णांपेक्षा शांत निघाले. काकूंकडे बघताना तो आठवला. फक्त तिथे बोलणारा डॉक्टर होता, इथे बोलायचं काकूंना होतं.

मधल्या दिवसांत आम्ही रंगीत तालीम केली. तीन गोळ्यांचं फुंकणीसारखं यंत्र मिळतं. त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. पहिल्या दिवशी एकच गोळी उचलली गेली आणि खाली पडली. आठवड्याने दुसरी वर जाऊन थांबायला लागली. नातवाशी पैज लागली होती. खोली थंड असेल, अंगावर पातळ हिरवा गाऊन असेल, दंडाला पट्टा दर पाच मिनिटांनी आवळेल, मास्कला प्लास्टिकचा वास येईल, दुधासारखं पांढरं औषध हातात जाताना किंचित चुरचुरेल, हे सगळं क्रमाने सांगितलं. "कमरेतून द्यायला सांगा" असा त्यांचा हट्ट होता. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरून ते फुगवतात, श्वास यंत्राने सांभाळावा लागतो, म्हणून सहसा पूर्ण भूलच देतात, हे भूलतज्ज्ञांनी स्वतः सांगितलं आणि त्यांनी ते मान्य केलं.

गोळ्यांचा कागद सुनेने फ्रिजवर लावला. शुगरच्या गोळ्यांपैकी डॅपाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी बंद, कारण ती सुरू राहून माणूस उपाशी राहिला तर रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि गंमत म्हणजे तेव्हा शुगर फार वाढलेली दिसतही नाही. मेटफॉर्मिन त्या सकाळी नाही. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. पंप दोन वेळा ओढायचा आणि बरोबर आणायचा. हा कागद काकूंचा. तुमचा वेगळा असेल, तो तुमच्या भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. उपाशी राहण्याचंही तसंच. रात्री बारापासून थेंबभर पाणी नाही अशी पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. आताचे नियम हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं असं सांगतात. शुगरवाल्यांनी तर हे विचारून घ्यावंच, आणि यादीत पहिला नंबरही मागावा. बहुतेक जण देतात.

राहिलं मंगळसूत्र. दागिना अंगावर नको, विजेच्या उपकरणाने तिथे भाजू शकतं. काकूंना कारण पटलं, पण गळा मोकळा ठेवून आत जायचं नव्हतं. काका बाहेर बाकड्यावर बसलेले. परिचारिकेने मार्ग काढला. पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून तो दोरा गळ्याऐवजी डाव्या मनगटात, सलाईन उजव्या हाताला. मंगळसूत्र सुनेच्या पर्समध्ये. त्याच वेळी काकूंनी कमरेची डबीही काढून तिच्या हातात ठेवली. सुनेने झाकण उघडून वास घेतला आणि काही न बोलता पर्सची चेन लावली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. आवाज बसका, पण तक्रारीचा. "ताई, ऑपरेशन पोटाचं आन् खांदा का दुखतोय? हे सांगितलं नव्हतं तुम्ही." खरंच नव्हतं सांगितलं. पोटात भरलेल्या गॅसमुळे दुखतो, दोन-तीन दिवसांत जातो, जरा चालत राहा म्हटलं. "चालते की. गोळ्या तिन्ही उचलल्या काल," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "सून डबी देईना. टाकली म्हनती. टाकली नसंल बघा, पर्समधीच असंल."