हात काळे होणारच, ताई

ताई, बडोद्याच्या दांडिया बाजारातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, मार्क चांगले, मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका पॅटर्न शॉपने, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवणाऱ्या कारखान्याने, नोकरी देऊ केलीय. तुम्हाला आणि तिच्या बाबांना ती पसंत नाही. कॉम्प्युटरला जायला ती तयार नाही, म्हणून "निदान थ्रीडी प्रिंटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स करू दे, एसीत बसून होतं, स्थळांनाही सांगायला बरं" असा मधला मार्ग तुम्ही काढलाय. फी सत्तर हजार. आणि ता. क. मध्ये: हे पत्र तिला न सांगता लिहिलंय.

मार्कांची मला काळजी नाही. खटकली ती तुमची एक ओळ: "पाहुणे यायचे असले की तिचा वर्कशॉपचा ॲप्रन मी बाल्कनीतून काढून आत ठेवते." तेलाचे डाग इतर कपड्यांना लागू नयेत म्हणून तो वेगळा धुता, ते ठीक. पण दडवता कशाला? तीन वर्षं मुलगी तो घालून जातेय आणि घरात त्याची लाज वाटते, हे तिला कळत नसेल असं वाटतं का तुम्हाला? सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हातात हत्यार धरणारी शिकलेली माणसं तयार व्हावीत म्हणून. त्याच बडोद्यात आपण मुलीच्या नखातलं ग्रीस बघून घाबरतोय. ज्या घराला सुनेचा पगार चालतो पण ॲप्रन चालत नाही, ते स्थळ हातचं गेलं तर जाऊ द्या.

आता एसीचं. स्क्रीनवर चित्र काढलं, बटण दाबलं, वस्तू तयार, एवढंच असतं तर त्याचा पगार कुणी दिला नसता. धातूच्या मशीनमध्ये भुकटीचा साधारण ३० ते ६० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर पसरतात, लेझरने हवा तेवढा भाग वितळवतात, मग पुढचा थर. ॲल्युमिनिअम, टायटॅनिअमची बारीक भुकटी पेट घेऊ शकते, म्हणून आत आरगॉन वायू आणि ती हाताळणाऱ्याच्या तोंडाला मास्क. छपाई संपते तेव्हा पार्ट खालच्या प्लेटला वितळून जोडलेला असतो. भट्टीत ताण उतरवल्याशिवाय सोडवायला गेलं तर तो वाकू शकतो. मग वायरकट मशीनच्या तारेने कापून सोडवणं, मग पक्कड-छिन्नीने छपाईपुरते दिलेले आधार तोडणं, मग जुळणाऱ्या बाजू मिलिंगवर घेणं. रेझिनचा चिकट पार्टसुद्धा हातमोजे घालून अल्कोहोलमध्ये धुवावा लागतो. एसी असतो खरा, पण तो मशीनसाठी!

इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन असं बनवून मे २०२४ मध्ये ६६५ सेकंद चालवून पाहिलं. १४ भागांचा एक भाग झाला, १९ वेल्ड गेले. वेल्ड कुठे दगा देतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच असं काही सुचतं.

तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय की सुट्टीतल्या ट्रेनिंगनंतर ती जेवताना सांगत बसली, "दहाचं भोक दिलं होतं, प्रिंट होऊन नऊ पॉइंट सातचं आलं, मग रीमर मारला." अहो, हे ऐकून मला इतका आनंद झाला! छोट्या प्रिंटरवर भोकं लहान येतात, हे तिने मोजून पाहिलं आणि रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने, त्यावर इलाजही केला. सत्तर हजारांच्या कोर्सात बहुधा स्लायसर, म्हणजे चित्राचे छपाईसाठी थर पाडणारं सॉफ्टवेअर, शिकवतील. ते फुकट मिळतं आणि ती पंधरा दिवसांत शिकेल. पॅटर्न शॉपमध्ये मात्र पोलाद थंड होताना साधारण दोन टक्के आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा, आतली पोकळी राखणारा कोअर कुठे बसवायचा, हे रोज हाताखालून जाईल. प्रिंटरवर पॅटर्न काढला तरी हा हिशेब करावाच लागतो.

पदवी हवीच असेल तर डीडीसीईटी ही डिप्लोमानंतरची प्रवेश परीक्षा देऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मेकॅनिकल किंवा मेटलर्जी घ्यावं. घाई नाही, वर्षभर काम करूनही जाता येईल.

कोर्सची फी भरू नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या. त्याआधी तिने त्या शॉपमध्ये जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: लेथ-मिलिंगवर हात मिळणार की नुसत्या फाइली बनवायच्या, फाउंड्रीत ओतकाम बघायला पाठवणार का, आणि उशीर झाला तर घरी सोडायची सोय काय. तिसरा प्रश्न तुमच्यासाठी आहे, आणि तो रास्त आहे.