बाळ कोणाकडे ते आधी ठरवा, व्यायामाचं मग बघू

या वेळी बाळ आणि व्यायाम यावरच इतके प्रश्न आलेत की दुसरं काही घेतलंच नाही. त्यातले तीन इथे देतेय, नावं छापू नका असं तिघांनीही कळवलंय.

प्रश्न: ताई, मी कासारवडवलीला राहते, ऑफिस ऐरोलीला. मुलगी आठ महिन्यांची, सिझर झालं होतं. रजा संपली आणि आता सकाळी साडेपाचपासून सुरू, तिचं खिमट, आमचे डबे, तिला पाळणाघरात सोडणं, मग घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून ठाणे स्टेशन आणि तिथून ट्रान्स हार्बर. घरी यायला आठ. रात्री ती अजून दोनदा उठते. लग्नाआधी मी नियमित जिमला जायचे, आता पाठ दुखते, जिना चढला की धाप लागते आणि शिंक आली की थोडी लघवी होते, हे अजून कोणालाच सांगितलेलं नाही. यूट्यूबवर बघून क्रंचेस सुरू केले तर पोटावर मधोमध उंचवटा येतो. नवरा म्हणतो पहाटे पाचला उठून कर. मैत्रीण म्हणते वेळ नसतो गं, काढावा लागतो. कुठून काढू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: अगं, आधी ते क्रंचेस बंद कर, आजच. पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात, गरोदरपणात ते मधून फाकतात, बहुतेकींचे नंतर हळूहळू जवळ येतात पण काहींची फट राहते, आणि क्रंचेस करताना तो जो उंचवटा दिसतो तो म्हणजे पोट आतला दाब पेलू शकत नाहीये. घरी बघायचं तर पाठीवर झोप, गुडघे दुमडून, डोकं जरासं उचल आणि बेंबीच्या वर-खाली बोटं ठेवून बघ. दोन बोटांपेक्षा जास्त जागा लागली तर बायकांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या फिजिओला दाखव. पोटाला पट्टा बांधून ती फट भरत नाही, आजी काहीही म्हणोत.

आणि ती शिंकेची गोष्ट. तू कोणाला सांगितलं नाहीस तसंच माझ्याकडे येणाऱ्या बायकाही आधी पाठ दुखते एवढंच सांगतात आणि उठता उठता, दाराशी गेल्यावर, हळूच हे सांगतात. खूप जणींना होतं, पण खूप जणींना होतं म्हणून ते अंगावर काढायचं असं नाही, ते सुधारतं. लघवी अडवताना जे स्नायू आत ओढतो ते आवळून वर घ्यायचे, आठ-दहा सेकंद धरायचे, पूर्ण सैल सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, नितंब आवळायचे नाहीत, आणि प्रत्यक्ष लघवी करताना मध्येच थांबवून हे करत बसायचं नाही. ठाण्यापासून ऐरोलीपर्यंत ट्रेनमध्ये उभ्या उभ्या हा व्यायाम होऊन जातो आणि शेजारच्या बाईला पत्तासुद्धा लागत नाही. तीन महिने नेटाने करूनही फरक नाही पडला तर परत फिजिओकडे, आणि तोवर उड्या-धावणं नको.

धाप लागतेय म्हणतेस ती फिटनेस गेला म्हणूनच असेल असं धरून चालू नकोस. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड दोन्ही तपासून घे, बाळंतपणानंतर दोन्हीत गडबड होते आणि दोन्हीत बाई उगाच स्वतःला आळशी समजत राहते. आडवं झाल्यावर धाप लागत असेल, पाय सुजत असतील, छातीत धडधडत असेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

आता वेळेचं. मैत्रिणीचं वाक्य मला अजिबात पटत नाही. काढावा लागतो म्हणे! तू दिवस लिहिलायस त्यात काढण्यासारखं आहे काय, झोप सोडून? आणि पहाटे पाचचा सल्ला देणाऱ्या नवऱ्याला एकच विचार, की मी पाचला उठले आणि सव्वापाचला मुलगी उठली तर तिला कोण घेणार. त्याचं उत्तर "तूच" असेल तर तो व्यायामाचा वेळ नाहीच, तो नुसता लवकर सुरू झालेला दिवस. रात्री दोनदा उठणाऱ्या बाईने आणखी तासभर झोप कापून व्यायाम करावा असं मी तरी कधीच सांगणार नाही.

म्हणून घड्याळ बाजूला ठेव आणि आठवड्यातल्या तीन वेळा अशा ठरव जेव्हा मुलगी बाबाकडे आहे. समजा मंगळवार आणि गुरुवार रात्री साडेआठ ते नऊ, आणि रविवारी सकाळी एक तास. बाबाकडे आहे म्हणजे पूर्ण बाबाकडे, दुपटं कुठेय हे तुला विचारायचं नाही, शी झाली की हाक मारायची नाही, मोबाइल बघत शेजारी बसायचं नाही. पहिले काही दिवस ती रडेल आणि तो गोंधळेल, रडू दे आणि गोंधळू दे, त्याच्या कडेवर आहे ना ती, एकटी नाहीये. तू मात्र त्या वेळात घरात थांबू नकोस, कारण घरात थांबलीस की कुकर लावशील, मला माहितीये. खाली सोसायटीच्या पोडियमवर जा, पावसाळा असेल तर पार्किंगमध्ये चाल. त्याच्या ऑफिसच्या वेळा जमत नसतील तर सासूबाई, आई, शेजारची काकू, पाळणाघरात अर्धा तास जास्त, काहीही चालेल, पण माणूस नावानिशी ठरलेला हवा. "कोणीतरी बघेल" यातला कोणीतरी नेहमी आईच असते.

बाकीचं तुकड्यातुकड्यात होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, आणि २०२० च्या मार्गदर्शनात बाळंतीणसुद्धा त्यात धरलीये. त्याच्या आधीचं २०१० चं जे होतं त्यात एका वेळी कमीत कमी दहा मिनिटं सलग हवीत अशी अट होती, ती २०२० ला काढून टाकली. म्हणजे स्टेशनच्या पुलाचा जिना, ऐरोलीला उतरून ऑफिसपर्यंत रिक्षाऐवजी चालत, सगळं मोजायचं. चाल मात्र अशी हवी की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम, त्याला जिम नको. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून पुश-अप, पाठीवर झोपून कंबर उचलणं म्हणजे सेतुबंधासन. उचलताना श्वास सोडायचा. पोटावर उंचवटा दिसला तर त्या दिवशी तेवढ्यावर थांबायचं.

पाठीचं दुखणं मुलीला उचलण्यातून येतंय असा माझा अंदाज आहे. आठ महिन्यांची म्हणजे साताठ किलोची तर असेलच आणि दिवसभरात तू तिला किती वेळा उचलतेस ते तुलाही सांगता येणार नाही. गादीवरून उचलताना कमरेतून वाकून, हात लांब करून खेचू नकोस. एक गुडघा जमिनीला टेकव, आधी तिला ओढून छातीशी घे, श्वास सोड आणि मग मांडीच्या जोरावर उठ. आणि कडेवर घ्यायची बाजू बदलत जा, सगळ्या आया डाव्या कडेवर घेतात कारण उजव्या हाताने भाजी ढवळायची असते. दूध पाजताना उशी मांडीवर घेऊन बाळ वर आण, तू खाली वाकू नकोस.

पाळणाघरातून सर्दी-ताप घरी येणार, दात येणार, आठवडेच्या आठवडे वाया जाणार. जाऊ देत. रात्र वाईट गेली असेल तर त्या दिवशी फक्त चाल किंवा सरळ झोप. आणि एक, ऑफिसमध्ये पन्नास किंवा जास्त लोक असतील तर पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे, २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली तेव्हाच हेही आलं, आणि दिवसातून चार वेळा आईला तिथे जायची मुभाही आहे. एचआरला लेखी विचार. मुलगी ऐरोलीतच राहिली तर संध्याकाळी पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायची धावपळ वाचते, अर्थात तिला घेऊन ट्रेनचा प्रवास झेपेल का ते तूच बघ.

प्रश्न: मी नेरुळला राहतो, महापेला आयटीत आहे. मुलगा पाच महिन्यांचा, बायको बँकेत, सध्या रजेवर, पुढच्या महिन्यात जॉइन होईल. दर रविवारी पहाटे ग्रुपबरोबर सायकलिंगला जायचो, पाम बीच रोड ते खारघर आणि परत, मग सगळे मिळून नाश्ता. बाळ झाल्यापासून बायको त्यावरून चिडते. माझंही वजन वाढलंय, मलाही व्यायाम हवाच ना? समजावू कसं?
– एक बाबा, नवी मुंबई

उत्तर: हवाच की, कोण नाही म्हणतंय. पण तुम्ही हिशोब अर्धाच लिहिलात. पहाटे निघता, सायकल, मग मिसळ, मग चहा, मग गप्पा, घरी यायला दहा, अंघोळ, आणि त्यानंतर दमल्यामुळे दुपारची झोप, बरोबर? म्हणजे रविवारची सकाळ गेली आणि दुपारही गेली आणि आठवड्यातला एकच दिवस जेव्हा घरात दोन माणसं आहेत तेव्हाही बाळ तिच्याकडेच. ती सायकलवर चिडत नाहीये हो, ती नाश्त्यावर आणि त्या झोपेवर चिडतेय.

समजावायला जाऊच नका. या रविवारी तिला विचारा की तुला किती वेळ हवाय, आणि पहिला नंबर तिचा. तिने तो वेळ चालण्यात घालवला, झोपण्यात घालवला की मैत्रिणीकडे जाऊन बसली, तो तिचा प्रश्न. तिचा वेळ झाला की तेवढाच तुमचा. ग्रुपला सांगा महिन्यातून एकदा येतो, नाश्त्याला थांबत नाही. बाकीच्या रविवारी बाबागाडी काढा आणि मुलाला घेऊन ज्वेल ऑफ नवी मुंबईला जा, तुमच्या नेरुळातच आहे, पाण्याच्या कडेने ट्रॅक आहे, बाबागाडी ढकलत तासभर भरभर चाललात की घाम निघतो, आणि बायकोला रिकामं घर मिळतं. हे रिकामं घर काय चीज असते ते पाच महिन्यांच्या बाळाच्या आईला विचारा. ऊन चढायच्या आत परत या आणि दुपटी-लंगोट-टोपडं पिशवीत तुम्हीच भरा, तिला भरायला लावलंत तर सगळं मुसळ केरात. बाबागाडी घेऊन पळू मात्र नका, मानेचा तोल नीट सावरेपर्यंत, निदान आठ-नऊ महिन्यांचा होईपर्यंत, आणि तेही पळण्यासाठीच बनवलेली गाडी असेल तर.

अजून एक, रात्री नीट झोप झालेली नसताना पाम बीचवर सायकल काढू नका. तिथे गाड्या कशा सुसाट जातात ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या दिवशी बिल्डिंगचे जिने चढा-उतरा.

आणि बायको जॉइन व्हायच्या आधीच सगळं बसवून घ्या. आत्ता ती घरी आहे म्हणून चाललंय, पुढच्या महिन्यात दोघंही संध्याकाळी थकून येणार आणि तेव्हा बाळ कोणाकडे यावर भांडण होणार ते होणारच.

प्रश्न: सून चार महिन्यांची बाळंतीण आहे, अंगावर पाजते आणि आता संध्याकाळी व्यायामाला जाते. आमच्यात म्हणतात व्यायामाने दूध आटतं, घामाने आंबट होतं. तिला सांगू का? वाईटपणा यायला नको.
– एक आजी, वाशी

उत्तर: आजी, नका सांगू, कारण तसं होत नाही. भरभर चालणं, हलका व्यायाम याने दूध आटत नाही आणि खराबही होत नाही. फारच जोराचा, दम काढणारा व्यायाम केला तर दुधात थोडा फरक पडू शकतो, पण बाळं तरीही पितात. दूध कमी होतं ते कमी वेळा पाजल्याने. आणि बाई खात नसेल तर तिचे हाल होतात, पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज सहाशेच्या आसपास कॅलरी जास्त लागतात, त्यातून व्यायाम करतेय म्हणजे भूक आणखी वाढणार.

तुमच्या वेळच्या सव्वा महिन्याच्या विश्रांतीत शहाणपण होतं, फक्त त्यातही बाईला अंथरुणावर खिळवून ठेवायची गरज नसते, घरातल्या घरात लवकर चालायला लागलं की पायात रक्ताच्या गाठी व्हायचा धोका कमी होतो. आता तर चार महिने झालेत, डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर जाऊ दे तिला. निघताना बाळाला पाजून जा म्हणावं, छाती हलकी राहते आणि तुम्हालाही तास-दीड तास निवांत मिळतो. परत आल्यावर तिला पाण्याचा तांब्या आणि एक डिंकाचा लाडू द्या, वाईटपणा येणार नाही. आणि तुमचे गुडघे दुखत असतील तर बाळाला घेऊन उभं राहायचं नाही, खाली सतरंजी टाकून त्याला पालथं घाला आणि समोर खुर्ची घेऊन बसा.