‘द मंकी’ बघताना अर्धे लोक हसतात आणि अर्धे वैतागतात, असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑस्गुड पर्किन्सचा ‘द मंकी’ (२०२५) घरी चार मित्रांबरोबर लावला, दोघं पोट धरून हसले, दोघं अर्ध्यातून उठून गेले. मग हा सिनेमा नक्की हसायचा की घाबरायचा, आणि एकाच सिनेमावर इतक्या टोकाच्या प्रतिक्रिया कशा काय?

हसायचा. पण उठून गेलेल्या दोघांनाही वेड्यात काढू नका, त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. पुढे कथेतल्या घटना सरळ सांगितल्या आहेत, ज्यांनी सिनेमा बघितला नाही त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

मी न्यू जर्सीत राहते. हा सिनेमा इथे फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला तेव्हा पहिल्याच आठवड्यात नवऱ्याबरोबर थिएटरात बघितला, त्यामुळे तुमच्या घरच्या चौघांची विभागणी मी दीडदोनशे लोकांत बघितली आहे. गोष्ट एवढीच, की हॅल आणि बिल या जुळ्या भावांना पसार झालेल्या पायलट बापाच्या सामानात चावीचं एक माकड सापडतं. चावी दिली की माकड आपल्या वेळेने ढोल बडवतं, आणि आसपासचं कोणीतरी मरतं. साधंसुधं नाही, अत्यंत अचाट पद्धतीने मरतं. कोण मरणार हे चावी देणाऱ्याच्या हातात नसतं. तो स्वतः तेवढा सुटतो.

इथे सिनेमास्कोर नावाची एक कंपनी आहे. पहिल्या दिवशी सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्यांच्या हातात ती कार्ड देते आणि शाळेसारखी ग्रेड द्यायला सांगते. ‘द मंकी’ला मिळाली सी प्लस. भयपटांना या परीक्षेत एरवीही कमीच गुण पडतात. ‘हेरेडिटरी’सारख्या नावाजलेल्या सिनेमाला तर डी प्लस होती. पण समीक्षक बहुतांशी खूश होते, आणि जेमतेम एक कोटी डॉलरच्या आसपास खर्च झालेल्या या सिनेमाने जगभरात साडेसहा कोटींच्या वर धंदा केला. मला वाटतं, ही सी प्लस म्हणजे ‘सगळ्यांना बरा वाटला’ असा प्रकार नाही. कोणी ए दिली असेल, कोणी एफ, आणि सरासरी मध्येच कुठेतरी येऊन पडली.

यातला थोडा दोष जाहिरातीकडे जातो. सात महिने आधी, जुलै २०२४ मध्ये, याच दिग्दर्शकाचा आणि याच निऑन कंपनीचा ‘लाँगलेग्ज’ आला होता. थंड, संथ, घशाशी आवंढा आणणारा. त्याचे चाहते तीच भीती पुन्हा घ्यायला आले. पोस्टरवर निर्माता म्हणून जेम्स वान, ते बघून ‘काँज्युरिंग’वाले आले. मूळ कथा स्टीफन किंगची, म्हणून किंगचे वाचक आले. तीन वेगवेगळ्या पंगतींची आमंत्रणं देऊन सगळ्यांना एकाच पानावर बसवलं, आणि वाढलं चौथंच काहीतरी.

किंगच्या वाचकांचं दुःख मला जास्त कळतं. १९८० च्या त्या कथेत माकडाच्या हातात झांजा आहेत, आणि माणसं मरतात ती रोजच्या मरणाने. कोणी झाडावरून पडतं, कोणाच्या मेंदूत गुठळी होते. त्यामुळे हा शाप आहे की नुसता योगायोग, हा संशय शेवटपर्यंत पोखरत राहतो. पर्किन्सने संशयाला जागाच ठेवली नाही. पहिल्याच प्रसंगात दुकानदाराची आतडी भाल्याला अडकून बाहेर येतात, मग संशय कसला घेणार! एवढं असूनही खुद्द किंगने या सिनेमाच्या वेडेपणाचं जाहीर कौतुक केलं. लेखकाला चाललं, वाचकांना नाही चाललं. हे आपल्याकडेही होतंच की.

आता थिएटरातलं सांगते. जुळी भावंडं आणि त्यांची बेबीसिटर जपानी हॉटेलात बसली आहेत. समोर गरम तव्यावर सुऱ्या उडवत करामती करणारा शेफ. असल्या हॉटेलात इथे लोक मुलांचे वाढदिवस करतात, त्यामुळे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं. माकड काठी फिरवतं आणि क्षणात त्या पोरीचं मुंडकं धडावेगळं. थिएटरात आधी कोणाचा आवाजच नाही. मग मागच्या रांगेतून एक माणूस फिस्सकन हसला. नुसता एक. त्याच्या हसण्याने जणू परवानगी मिळाली आणि निम्मं थिएटर खिदळायला लागलं. माझ्या पुढच्या रांगेतलं जोडपं मात्र मागे वळून आमच्याकडे असं बघत होतं, की आम्हीच मुंडकं उडवलं. पुढचा दीड तास ही विभागणी तशीच राहिली. जे त्या दृश्यात हसले ते जवळपास प्रत्येक मरणाला हसले, आणि जे तिथे हसले नाहीत ते नंतर फारसे हसलेच नाहीत.

माझा नवरा दुसऱ्या गटातला. घरी परतताना गाडीत त्याची एकच तक्रार, ‘पण त्या माकडाला पाहिजे काय?’ रक्ताबद्दल अवाक्षर नाही. माकड कुठून आलं, कोणी शाप दिला, तो उतरतो कसा, काहीच का सांगत नाहीत? माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या तक्रारीत आहे. उठून गेलेल्यांना सिनेमा घाणेरडा वाटतो असं आपण समजतो. पुष्कळदा त्यांना तो बेशिस्त वाटलेला असतो.

‘झपाटलेला’ आठवा. १९९३ साली महेश कोठारेंनी आपल्याला झपाटलेल्या बाहुल्याला हसायला शिकवलंच होतं. पण तात्या विंचूचं सगळं चोख होतं. तो आधी गुंड होता, मंत्र म्हणून बाहुल्यात शिरला, त्याला लक्ष्याचं शरीर हवं होतं, आणि दोन भुवयांच्या मध्ये गोळी लागली की खेळ खलास. रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याला बघून आम्ही लहानपणी पांघरुणात शिरायचो, तरी मनात एक भरवसा असायचा, कारण नियम माहीत होता. पर्किन्सच्या माकडाला इच्छाच नाही. हॅल एकदा चिडून बिल मरावा म्हणून चावी देतो, आणि मरते ती त्यांची आई. माकडाला नवस चालत नाही. ते जाळून, तोडून, विहिरीत टाकूनही काही उपयोग होत नाही.

‘फायनल डेस्टिनेशन’च्या मालिकेशी याची तुलना बऱ्याच जणांनी केली, आणि तिथेही हाच फरक आहे. त्या सिनेमांतही मरणं अशीच अचाट असतात. पण तिथे आधी स्क्रू सैल होताना दिसतो, पाणी ठिबकताना दिसतं, वायर उघडी पडलेली दिसते. प्रेक्षक मनात गणित मांडतो आणि ते चुकलं की त्याला मजा येते. ‘द मंकी’ बहुतेक वेळा गणित मांडायला वेळच देत नाही. माकड काठी वर नेतं, दात दाखवतं, थांबतं, आणि मग धाडकन. विनोदाच्या भाषेत सांगायचं तर इथे किस्साच नाही, थेट शेवटची ओळ. ज्याला हा प्रकार आवडतो त्याला ती ओळ दहा वेळा ऐकायला आवडते. इतरांना तिसऱ्या वेळेपासून कंटाळा येतो. मोटेलच्या पूलमध्ये सूर मारणाऱ्या बाईचा वीज लागून स्फोट होतो तेव्हा नवऱ्याने चक्क घड्याळ बघितलं होतं.

हे असं का केलं, याचं कारण दिग्दर्शकाच्या घरात आहे. ऑस्गुडचे वडील अँथनी पर्किन्स, हिचकॉकच्या ‘सायको’तला नॉर्मन बेट्स. ते १९९२ साली एड्सने गेले, आणि आजार जगापासून दडवून ठेवलेला होता. आई बेरी बेरेन्सन ११ सप्टेंबर २००१ ला बॉस्टनहून निघालेल्या त्या विमानात होत्या, जे न्यूयॉर्कच्या उत्तर टॉवरवर आदळलं. पर्किन्सने मुलाखतींत सांगितलंय, की आधी हातात आलेली पटकथा फार गंभीर होती, आणि माणसं अचाट पद्धतीने मरतात हा विषय आपल्याला चांगलाच ठाऊक असल्याने आपण ती तशी करणार नव्हतो. हे कळल्यावर सिनेमातल्या आईचं बोलणं वेगळंच ऐकू येतं. बेबीसिटरच्या अंत्यविधीनंतर ती पोरांना सांगते की सगळेच मरतात, कोणी झोपेत, कोणी भयंकर रीतीने, आणि मग त्यांना नाचायला लावते. टाटियाना मास्लानीने हा प्रसंग इतका सहज केलाय, की तिचा मृत्यू आल्यावर आमच्याकडची हसणारी मंडळीसुद्धा गप्प झाली. बाकीची मरणं फटाके आहेत. हे एकच तसं नाही, आणि मूळ कथेतही आई मेंदूच्याच दुखण्याने जाते.

बेबीसिटरच्या त्या अंत्यविधीत एक नवशिका पाद्री आहे. काय बोलावं त्याला सुचत नाही आणि तो तोंडाला येईल ते बोलत सुटतो. मला वाटतं सबंध सिनेमातला सर्वांत खरा विनोद तोच, कारण तिथे एक थेंब रक्त नाही. आमच्या अण्णांच्या दहाव्याला ओंकारेश्वरावर पिंडाला कावळा शिवेना. सगळ्यांनी एकेक आश्वासन देऊन झालं, काकूला सांभाळू, घराची वाटणी नीट करू. गुरुजी ताटकळले. शेवटी धाकटा काका वैतागून म्हणाला, ‘अण्णा, उद्याची मॅच लावून ठेवतो,’ आणि कावळा आला. आत्या तर पदर तोंडात कोंबून हसत होती. तिथे कोणी कोणाला ‘हसायचं की रडायचं’ असं विचारलं नाही. ज्यांनी असे दिवस बघितलेत त्यांना हा सिनेमा आवडेलच असं अजिबात नाही, पण त्यातला पाद्री त्यांना नक्की ओळखीचा वाटेल.

म्हणून सगळं माफ, असंही नाही. भाऊ मोठे झाल्यावर सिनेमा ढेपाळतो. थिओ जेम्सने दोन्ही भूमिका नेटाने केल्यात, पण मोठेपणीचा बिल हे व्यंगचित्रच आहे; तो रडतो तेव्हाही खोटा वाटतो. हॅल आणि त्याचा मुलगा पीटी यांच्यातला दुरावा ही खरं तर मुख्य गोष्ट असायला हवी, तिला स्फोटांच्या मधल्या फटीत उरलेली जागा मिळते. शिवाय उत्तरार्धात मरणारी माणसं आपल्या ओळखीचीच नसतात. मालमत्ता दाखवायला आलेली एजंट कपाटाचं दार उघडते आणि बंदुकीच्या एका गोळीत तिच्या चिंधड्या होतात. ती कोण हे कळायच्या आत गेलेली असते. अनोळखी माणसाच्या मरणावर किती वेळ हसणार? तुमचे मित्र नेमके याच सुमारास उठले असतील तर मी त्यांच्या बाजूने आहे.

बाकीच्या दोघांबरोबर पुन्हा लावणार असाल तर एवढंच सांगेन, माकडामागचं रहस्य शोधू नका, ते ठेवलेलंच नाही. इथे त्याला आर रेटिंग होतं, तेव्हा पोरांना झोपवून मग लावा. आणि जेवण आधी उरकून घ्या.