कुंड्या उन्हात ठिसूळ होतात? आधी फुटलेली कुंडी तपासा, दाणा नंतर

दादा, तुर्भ्याहून टाकलेली तुमची पोस्ट वाचली. पीपीच्या (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकच्या) पांढऱ्या आणि टेराकोटा रंगाच्या कुंड्या एका उन्हाळ्यात कडेला तडकतात, बोट फिरवलं की पांढरी पूड निघते, नर्सरीवाले माल परत पाठवताहेत आणि दाणा (कच्चं प्लास्टिक) देणारा सप्लायर "आमचा लॉट ओके आहे" यावर अडून बसलाय. आमच्या रबाळ्याच्या गाळ्यात हेच रामायण होऊन गेलंय. मशीनचं तापमान, मोल्ड वगैरे तुम्ही बघितलंच असणार, ते सोडून देतो.

दाणा घेऊन लगेच लॅबकडे धावू नका. आमचा सगळ्यात जास्त पैसा तिथेच बुडाला. नाव घेत नाही, पण सप्लायरने सुचवलेल्या एका लॅबने फी आगाऊ घेतली, एमएफआय (वितळलेलं प्लास्टिक किती वाहतं), टेन्साइल (ताण किती सोसतं) आणि मेल्टिंग पॉइंट काढले आणि 'समाधानकारक' असा शेरा मारून मोकळी झाली. ताज्या दाण्याच्या या तीन आकड्यांवरून तो उन्हात टिकेल की नाही हे कळतच नाही. त्यातून रिपोर्टच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात ओळ होती: 'नमुना पार्टीने दिल्याप्रमाणे, निष्कर्ष फक्त त्या नमुन्यापुरते'. पार्टी म्हणजे सप्लायर! नमुना त्याच्याच गोडाऊनमधून गेलेला. तोच कागद त्याने आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि उरलेलं बिल मागितलं. फुटलेली कुंडी घेऊन लॅबच्या खिडकीवर गेलो, तर "तयार मालाचं इथे होत नाही, रिपोर्टवर चर्चा करत नाही, नवा फॉर्म भरा." कोणती चाचणी मागायची एवढं सांगणारा माणूसही तिथे भेटला नाही. असो, अजून डोकं फिरतं.

तुम्ही असं करा. कुंडीचा तुकडा पाण्यात टाका. थेंबभर भांड्यांचं लिक्विड घाला, म्हणजे हवेचे बुडबुडे चिकटून फसवणार नाहीत. पीपीची घनता 0.90 ते 0.91, त्यात फिलर म्हणून, म्हणजे स्वस्त भर म्हणून, टाकतात त्या कॅल्शियम कार्बोनेटची (खडूची) 2.7 च्या आसपास. त्यामुळे वजनाने साधारण 15 टक्क्यांपर्यंत फिलर असेल तर तुकडा तरंगतो, त्याच्या वर गेला की बुडतो. फिलर टाकणं गुन्हा नाही, आम्हीही टाकतो. पण व्हर्जिनचा (नव्या, शुद्ध दाण्याचा) भाव घेऊन कोणी खडू विकत असेल तर ते कळायला हवं. पक्कं करायचं तर दुसऱ्या लॅबमध्ये फुटलेल्या कुंडीचं ॲश कंटेंट (जाळून किती राख उरते) मागा, साधारण 600 अंश सेल्सिअसवर. उरलेल्या राखेवर सौम्य ॲसिडचा थेंब टाकल्यावर फसफसलं तर कॅल्शियम. टाल्क (दुसरा एक फिलर) किंवा टायटॅनियम डायऑक्साइड (पांढरा रंग) फसफसत नाही. लॅबच्या एनएबीएल स्कोपमध्ये (लॅबला मान्यता असलेल्या चाचण्यांच्या यादीत) नेमकी ती चाचणी आहे का, हे फी भरण्याआधी बघा.

मात्र राखेवरून यूव्ही स्टॅबिलायझर (उन्हापासून प्लास्टिक वाचवणारं रसायन) आहे की नाही हे ठरत नाही. त्याला वेदरिंग चेंबर (कृत्रिम ऊन-ओल देणारी पेटी) लागतो आणि त्यात आठवडे जातात. तोपर्यंत डोसिंगचा हिशेब घाला. ट्रेडर तोंडी सांगतो "2 टक्के यूव्ही टाका". पण ते येतं मास्टरबॅचमध्ये, म्हणजे दाण्यात मिसळायच्या तयार मिश्रणात. त्यात ॲक्टिव्ह (खरं रसायन) 10 टक्के असेल, तर 2 टक्के टाकून मालात पोचतं फक्त 0.2 टक्के. ऑपरेटरने अंदाजे मूठभर टाकलं तर तेही नाही. ॲक्टिव्ह किती हे लेखी द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी एक गोणीसुद्धा उचलत नाही.

पांढऱ्या कुंड्यांची पूड टेराकोटापेक्षा जास्त निघते का, ते बघा. तसं असेल तर माझा संशय पांढऱ्या मास्टरबॅचवर आहे. टायटॅनियम डायऑक्साइड रुटाइल प्रकारचं हवं. त्याचाच स्वस्तातला ॲनाटेज प्रकार उन्हात प्लास्टिकला आणखी लवकर खातं. टेराकोटातलं आयर्न ऑक्साइड ऊन थोडं अडवतं. आणि गिऱ्हाईक तयार असेल तर सरळ काळ्या कुंड्या काढा. बारीक कार्बन ब्लॅक (काजळी) तयार मालात 2 ते 2.5 टक्के, नीट मिसळलेला, यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचा यूव्हीचा उपाय मला माहीत नाही. एचडीपीईच्या काळ्या पाण्याच्या पाइपांतही साधारण एवढाच असतो. पावसाळ्यात मात्र काळा मास्टरबॅच ओल धरतो, गोणी उघडी ठेवली की मालावर चंदेरी रेघा आल्याच.

नर्सरीवाल्यांना एक विचारून घ्या: गंधकाची फवारणी करतात का? हॅल्स नावाच्या प्रकारचा यूव्ही स्टॅबिलायझर गंधकाने निकामी होतो. तसं असेल तर सप्लायरवर सगळं ढकलणं बरोबर नाही.

पुढच्या लॉटपासून गाडी खाली होतानाच दोन पिशव्यांत नमुना भरा, ड्रायव्हरची आणि आपली सही घेऊन सील करा, लॉट नंबर आणि चलान नंबर वर लिहा. भांडण झालं तर त्या पिशवीचाच उपयोग होतो.

मी केमिस्ट नाही, हे सगळं शॉपफ्लोअरवरचं ज्ञान आहे, ग्रेड बदलला की आकडे बदलतात. पैसे अडवायचे की कोर्टात जायचं हे वकिलाला विचारा. आम्ही शेवटी तडजोड केली. तूर्तास पांढऱ्या आणि टेराकोटा दोन्हींचे तुकडे बुडाले की तरंगले ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.