फवारणी पंपाचे धुवण, गावनाल्याचे पाणी आणि पऱ्हाटीचा कोळसा

रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांतील काही शेतकरी बंधूंनी या पंधरवड्यात जवळपास एकच प्रश्न विचारला आहे. फवारणी पंप धुतलेले पाणी आणि गावातून नाल्याने येणारे सांडपाणी कोळसा व मातीच्या गाळणीतून काढले, तर त्यातील औषधांचे अंश व इतर सेंद्रिय घाण निघून ते केळीला देता येईल का, आणि अशी गाळणी पऱ्हाटीपासून, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांपासून, घरी करता येईल का, असे त्यांनी विचारले आहे. गाळणी घरी करता येते. मात्र ती घाण धरून ठेवते, नाहीशी करत नाही, म्हणून पंपाच्या धुवणासाठी वेगळी आणि नाल्याच्या पाण्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते.

पऱ्हाटीचा नीट झालेला कोळसा आडवा मोडून उन्हात धरला, तर त्यात सुईच्या टोकाएवढ्या नळ्या दिसतात. झाड जिवंत असताना पाणी वर नेणाऱ्या या वाहिन्या असून त्यांच्या भिंतींत डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. कारखान्यात तयार होणाऱ्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग ५०० ते १५०० चौरस मीटर भरतो. घरच्या ड्रममधला कोळसा त्याच्या बराच खाली राहतो, पण तत्त्व तेच आहे. बऱ्याच कीटकनाशकांचे रेणू पाण्यात फारसे विरघळत नाहीत आणि कोळशाचा पृष्ठभाग मिळताच त्याला चिकटतात. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे पॅराक्वाटसारखे तणनाशक आणि धन भाराचे रंग ती धरते. दोन्ही एकत्र केल्यास एकाची उणीव दुसरा भरून काढतो. परंतु आपली काळी माती तशीच वापरू नये, कारण ती भिजली की फुगते आणि पाणी वर तुंबून राहते. कोळशाची भुकटी मातीत मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या कराव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि झाकण बसवलेल्या लोखंडी डब्यात भाजाव्यात. उघड्या भट्टीत भाजल्यास आतला कोळसा जळून जातो. या कामात पऱ्हाटी वापरली गेली, तर बांधावर तिचे ढीग राहत नाहीत आणि गुलाबी बोंडअळीचा आसराही मोडतो, म्हणून माझा या कामाला मनापासून पाठिंबा आहे.

आता पंपाच्या धुवणाबद्दल. विहिरीच्या काठावर पंप धुण्याची सवय मला सर्वांत जास्त खटकते. टाकीच्या तळाशी उरलेले पेलाभर दुधाळ पाणी तिथेच ओतले जाते आणि तेच औषध पुढे आपल्याच विहिरीत झिरपते. शिल्लक द्रावणात पाणी घालून टाकी तीनदा खंगाळावी आणि ते पाणी त्याच पिकावर फवारून संपवावे. तरीही जे उरेल त्यासाठी स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात रूढ झालेला जैवखड्डा उत्तम आहे. त्यात आकारमानाने निम्मा गव्हाचा भुसा, पाव भाग शेतातली वरची माती आणि पाव भाग कुजलेला पाला असतो. तिथे पाल्याऐवजी पीट, म्हणजे दलदलीतला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर, वापरत, आपण पक्के कंपोस्ट घ्यावे. भुशावर वाढणारी बुरशी औषधाचे रेणू तोडते, तर माती व कंपोस्ट ते तुटेपर्यंत धरून ठेवतात. सुमारे ६० सेंटीमीटर खोल खड्ड्याच्या तळाला जाड प्लॅस्टिक अंथरावे, वर गवत वाढू द्यावे, पावसासाठी छप्पर करावे आणि खड्डा विहीर व बोअरपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला घ्यावा. भुसा कुजून मिश्रण खाली बसते, म्हणून दरवर्षी त्यात भर घालावी लागते. या खड्ड्यातले पाणी पिकाला देऊ नये.

नाल्याचे पाणी थेट गाळणीवर सोडल्यास गोळ्यांची छिद्रे काही दिवसांतच साबण, तेल आणि गाळाने बुजतात. आधी गाळ बसण्यासाठी खड्डा, मग कर्दळ लावलेला खडी-वाळूचा वाफा आणि शेवटी गोळ्यांची टाकी, असा क्रम ठेवावा. वाफ्यातील जिवाणू बरीचशी घाण खाऊन टाकतात, गाळणीवर फक्त उरलेले काम पडते. गोळ्यांच्या थराच्या आकारमानाएवढे पाणी त्यातून जायला अर्धा तास तरी लागला पाहिजे, म्हणजे १०० लिटर गोळ्या असतील तर तासाला २०० लिटरपेक्षा जास्त पाणी सोडू नये. सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी (त्यातील घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आणि तेल व ग्रीस १० मिलिग्रॅमच्या आत असावे, असा केंद्राचा नियम आहे. गाळणीने क्षार मात्र निघत नाहीत, नायट्रेटही फारसे निघत नाही, आणि पाणी नितळ दिसले म्हणून रोगजंतू गेले असेही नाही. म्हणून पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यातील क्षारांचे माप, २.२५ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असल्यास ते केळीला देऊ नये, कारण केळी खारे पाणी सोसत नाही. पाणी चांगले आले तरी ते जमिनीलगतच्या नळीने द्यावे, घडांवर उडवू नये, आणि पिण्यासाठी कधीही वापरू नये.

एका शेतकऱ्याने विचारले आहे की, वापरलेल्या गोळ्या खत म्हणून शेतात टाकाव्यात का. टाकू नयेत, कारण त्यांनी धरलेली घाण हळूहळू पुन्हा मातीत सुटते. त्या चुलीत जाळणेही धोक्याचे आहे. अशा गोळ्या झाकणाच्या ड्रममध्ये कोरड्या ठेवाव्यात, ड्रमवर काय गाळले ते व तारीख लिहावी आणि विल्हेवाटीसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगाव कार्यालयाकडे विचारणा करावी.